विहिरींचं बिल

सोम. १७ जानेवारी १९५५
विहिरींच्या बिलाची सिलेक्ट कमिटी आज सुरू झाली. कौन्सिल हॉलची मागची खोली. पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की डॉ. कर्णिक रुमालाने वारा घेत बसतात. सगळा दिवस ‘उघडी विहीर’ कशाला म्हणायचं यातच गेला. जाळी बसवलेली विहीर उघडी की बंद? अर्धी जाळी असेल तर? चेअरमनसाहेबांना एकदा डुलकी लागली. त्यांना नावं कशाला ठेवू, मलाही लागली असती.

बिल मला मान्य आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मन फिरलं तर निदान ते फिरलं हे कळेल. बारा वर्षं अंधेरीच्या शाळेत शिकवलं. श्रावण-भाद्रपदात बाकावर हिवतापाने कुडकुडणाऱ्या मुली पाहिल्या, त्यांतल्या दोघी पुन्हा आल्याच नाहीत. डास होणाऱ्या विहिरी सरकारने बुजवाव्यात, मालक हो म्हणो वा नाही, हे मी निवडणुकीच्या सभांतून बोलले आहे.

घरी यायला आठ. पाय सुजले.

बुध. १९ जाने.
आज साक्षी. खालच्या गावचे लोक आले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, वांगी-मुळ्याच्या वाड्या करणारे. त्यांच्यातर्फे इनास बोलला. आपल्याकडे भाजी घेऊन येते त्या मारीचा नवरा. कोट कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या आखूड. मला पाहून ओळखीचं हसला आणि लगेच गंभीर झाला. कुणी सांगितलं असावं, इथे ओळख दाखवायची नसते.

डॉ. कर्णिक : विहिरीत गप्पी मासे का सोडत नाही?
“सोडले सायेब. बगळ्यानं खाल्ले.”
“पाणी किती खोल आहे?”
“बुडी मारून नाय बघितलं सायेब. मे म्हयन्यात पण बैल रहाट फिरवते, येवढं खोल हाय.”
सगळे हसले. भाई तोरणे सगळ्यांत मोठ्याने. (विरोधी बाकावरचे ते एकटेच. हसणं, भांडणं, दोन्ही मोठ्याने.) डॉक्टरही हसले. पण पुढचा प्रश्न त्यांचाच : “सरकारदरबारी बागायत विहीर म्हणून नोंद आहे का?”
इनास म्हणाला, नोंद कुणाचीच नाही. नोंद केली की सारा वाढतो असं बाप सांगायचा.
“म्हणजे सरकारला फसवलंत.”
“बापानं सायेब. मी नाय.”
पुन्हा हशा. या वेळी मला हसू आलं नाही. डॉक्टरांचं चुकलं म्हणूनही नाही. त्यांचं चुकलं नव्हतं.

शुक्र. २१ जाने.
आजपासून कलमवार. चेअरमनसाहेब इंग्रजीत कलम वाचतात, चष्म्यावरून टेबलभर नजर फिरवतात, कुणी बोललं नाही तर पेन्सिलीने खूण करतात. गप्प बसणं म्हणजे होकार. दुपारी जेवणानंतर कलमं सर्वांत भरभर पास होतात, हे माझं या सभागृहातलं एकमेव संशोधन.

कलम नऊवर मी अडवलं. वाड्यांना पाणी देणाऱ्या विहिरी वगळा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, मग डासांना ओलिताखालच्या विहिरी कोणत्या ते शिकवावं लागेल. बराच वेळ ओढाताण. अखेर चेअरमनसाहेबांनी मधला मार्ग काढला : आमचा रिपोर्ट सभागृहापुढे येईल त्या दिवशी ज्या विहिरीची बागायत म्हणून नोंद असेल, तिला हात लावायचा नाही. बाकीच्या बुजवायच्या. ही तारीख का? नाहीतर कायदा झाल्यावर जो तो आपल्या डबक्याची नोंद करून घेईल. मुद्दा बरोबर होता. “बाई, समाधान?” असं त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली.

मान हलवली तेव्हा इनासची विहीर डोळ्यांपुढे नव्हती. ‘ओलिताच्या विहिरी वाचल्या’ एवढंच डोक्यात. ट्रामच्या थांब्यावर उभी असताना लक्षात आलं. त्यांची नोंदच नाही. आणि रिपोर्ट येईपर्यंत कमिटीत काय ठरलं हे बाहेर बोलायचं नाही. म्हणजे सवलत आहे हे त्यांना कळेल तेव्हा ती संपलेली असेल.

शनि. २२ जाने.
ह्यांना नाव-गाव न सांगता विचारलं. समजा, एखादी गोष्ट गुप्त ठेवायची आहे आणि ठेवल्याने कुणाचं नुकसान होतंय.
हे म्हणाले, “तुझ्या कमिटीचं ना?”
“तसं नाही.”
“मग कसं? तू ‘समजा’ म्हणालीस की ते घडलेलंच असतं.”
हसले. मग गंभीरपणे म्हणाले, नियम मोडायचा नसेल तर नियमातच वाट शोध. बरोबर आहे. सोमवारी कलम नऊ पुन्हा काढायचं.

सोम. २४ जाने.
काढलं. कायदा लागू झाल्यावर नोंदीसाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी, असं सुचवलं. फक्त तोरण्यांचा पाठिंबा, आणि त्यांचा पाठिंबा मिळाला की निम्मे लोक आपोआप विरुद्ध जातात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “सहा महिने म्हणजे मधे एक पावसाळा. बाई, तेवढ्यात किती मुलं तापतील, तुम्हीच सांगा.” शाळेचा दाखला मीच सभांतून देत आले.
मत घेतलं. पडलं.
भिन्नमताचं टिपण लिहिता येईल. पण ते रिपोर्टासोबतच छापलं जातं. गाव वाचेल तेव्हा नोंदीचा दिवस उलटून गेलेला. तरी लिहिते आहे. दोन वाक्यं लिहिली, तीन खोडली.

बुध. २६ जाने.
शाळेत झेंडा. भाषण केलं. लोकराज्यात कायदे उघड्यावर होतात, असं एक वाक्य तोंडून गेलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

गुरु. २७ जाने.
सकाळी मारी आली. वांगी, पालक. टोपली उतरवायला हात दिला तशी म्हणाली, “बाय, आमचा इनास बरा बोलला ना? घरी आला ते दोन दिवस सायेबासारखाच बसला व्हता. पानी दे बोलला तरी कोटातनं बोलते.”
“छान बोलला,” मी म्हटलं. खरंच छान बोलला होता.
मग टोपलीतली भाजी उगाच वरखाली करत म्हणाली, “येक इचारायचं. इनास बोलते, बैल इकून पान्याचं इंजिन घेऊ. दलाल उद्या येते. मी बोलली, आधी बायला इचारते. बैल इकू का नको?”
बैल गेला आणि उद्या विहीर गेली तर उरेल इंजिन. बुजवलेल्या खड्ड्यावर.
मी म्हटलं, “घाई करू नका.”
एवढंच. हे कुणीही कुणालाही सांगेल.
तिने पालकाची जुडी माझ्या हातात दिली. “आनि त्या नोंदीचं? तो डाक्टर सायेब इचारत व्हता त्या दिवशी.”
मी बोलले नाही. पालकाची जुडी हातात होती, तिची पिवळी पानं काढत राहिले. निघून आत जाता आलं असतं, ‘मला माहीत नाही’ म्हणता आलं असतं, ‘विचारू नकोस’ असंही म्हणता आलं असतं. पानं काढत राहिले. ती माझ्याकडे बघत होती. तोंडाकडे नव्हे, हातांकडे.
“बरं बाय,” म्हणाली. “समजली.” टोपली डोक्यावर घेतली. वांगी तशीच ठेवून गेली, पैसे न घेता.

शुक्र. २८ जाने.
काय सांगितलं मी तिला? काहीच नाही. हे कुठल्याही चौकशीत शपथेवर सांगता येईल. मग हे इथे लिहून का ठेवते आहे?
कमिटीत गप्प बसले की होकार धरतात. तीच मी, तेच गप्प बसणं. दारात त्याचा अर्थ वेगळा कसा होईल?
दुसरी बाजूही लिहायला हवी. ते लोक डबकेवाले नाहीत. ज्यांच्यासाठी सवलत ठेवली तेच ते. त्यांना ती मिळाली तर कमिटीचा हेतूच पुरा होतो. हे पटतं. अगदी सहज पटतं, म्हणून त्यावर भरवसा वाटत नाही. ओळखीच्या मारीच्या ठिकाणी मुलुंडचा कुणी अनोळखी वाडीवाला दारात आला असता तर पानं काढत बसले असते का? त्याच्या विहिरीचं काय? त्याला कुणी सांगितलं?
टिपण अपुरंच.

सोम. ३१ जाने.
शेवटचं वाचन होतं. चेअरमनसाहेबांनी कागद बाजूला सारले. म्हणाले, मामलेदारांकडून कळलं आहे की एकाच गावातून बागायत नोंदीच्या अर्जांची रीघ लागली आहे. शनिवारपासून. “आमच्या साक्षीला आलेलं गाव. योगायोग असू शकतो.” असं म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. ज्या नजरेने कलम पास करतात त्याच नजरेने.
डॉक्टर म्हणाले, बातमी कमिटीतून फुटली असेल तर तारीख मागे न्यायला हवी. बिल मांडलं त्या दिवसावर. म्हणजे हे अर्ज आपोआप बाद. नियमाने त्यांचंच बरोबर.
आणि सगळ्यांनी तोरण्यांकडे पाहिलं.
“माझ्याकडे काय बघता?” तोरणे म्हणाले. “मला फोडायचं असतं तर शिवाजी पार्कावर सभा घेतली असती.”
हशा झाला. पण चेअरमनसाहेब हसले नाहीत. म्हणाले, बुधवारी एकेका सभासदाला विचारणार, बाहेर काही बोललात का. कुणीच बोललं नसेल तर तारीख आहे ती राहील. कुणी बोललं असेल तर मागे जाईल.
जाताना मला जिन्यात म्हणाले, “तुम्हाला विचारायचं म्हणजे निव्वळ उपचार बाई. वाईट वाटून घेऊ नका.”

मंगळ. १ फेब्रु.
ह्यांना सगळं सांगितलं, नावांसकट.
“म्हटलंस काय? घाई करू नका. हे मी तुला रोज फोडणी घालताना सांगतो.”
“नोंदीचं विचारल्यावर गप्प बसले ते?”
हे म्हणाले : “उद्या ‘बोललात का’ असं विचारतील. तू बोलली नाहीस. नाही म्हण.”
“आणि ते खरं असेल?”
“अगं, शब्द तर खरे असतील.”
खरं सांगितलं तर गावाच्या विहिरी जातात, त्याही माझ्यामुळे. नाही म्हटलं तर विहिरी राहतात, संशय तोरण्यांवर राहतो, आणि मी पुढच्या कमिटीत पुन्हा ‘निव्वळ उपचार’.
मारी आज आली नाही. बैलाचं काय झालं कळलं नाही.

बुध. २ फेब्रु.
कौन्सिल हॉल. चहाची सुट्टी आहे, खिडकीशी उभी राहून लिहिते आहे. बसायच्या क्रमाने विचारताहेत. डॉक्टर नाही म्हणाले, पुढचेही सगळे नाही. तोरणे नाही म्हणाले तेव्हा कुणीतरी खोकलं. चेअरमनसाहेबांनी त्यांना एकट्यांना दुसऱ्यांदा विचारलं. ते उठून उभे राहिले आणि या वेळी हळू आवाजात नाही म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं.
नंतर मी. पण तेवढ्यात चहा आला.
आत्ता तोरणे कप घेऊन इकडे आले. बशीत सांडलेला चहा खिडकीबाहेर टाकला. हसायचा प्रयत्न करून म्हणाले, “माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही बघा. तुमची मजा आहे बाई. तुम्ही काहीही म्हणा, सगळे ठेवतील.”