कोरांटी फुलली म्हणालीस

प्रिय हर्षदा,

फोन स्पीकरवर टाकून आईशी बोलायचं, हे वळण मी तुला लावलं न्हाई. मी इचारते तुला, उत्तर देती तुझी सासू, आन् तू नुसतं व्हय आई, व्हय आई. जरा खोलात गेले की रेंज जाती. सगळ्या दौंडात रेंज हाय, तुमच्याच घरातनं बरी पळती? चौथी शिकलेल्या बाईला कागद घेऊन बसवलंस. चुकलंमाकलं वाच तसंच.

इकडं कांद्याची लागण उरकली. काळ्या गाईला कालवड झाली. दारातली कोरांटी फुललीया. झेंडू, शेवंती दिवाळीला मिरवून वाळली, तवा कुठं हिला जाग आली. ओढ्याकाठनं तूच आणलेली. ना वास, काटे तेवढे, म्हणून मी कोयता घेऊन निघाले, तर आडवी आलीस. म्हणालीस, थंडीत दुसरं कोण फुलतं ते दाखव. मी कोयता परत खुंटीला लावला. लग्नात पोरी भांडी नेत्यात, तू तिची फांदी नेलीस डब्यात खोवून. दरसाली मार्गशीर्षात तिकडच्या फुलांची वेणी हनुमंतमामाच्या हाती धाडायचीस. औंदा आली न्हाई, म्हणून फोनवर इचारलं. फुलली की आई, ढीगभर, म्हणालीस.

मग आपली बांगडीवाली हुसेनबी दौंडच्या बाजाराला निघाली, तिला म्हणलं, लेकीला हिरवा चुडा भरून ये. परत आली ती ओट्यावर बसून ऱ्हायली, चहा घेईना. म्हणली, कोरांटी कुठली, बुडापासनं तोडलीया, तिथं जावयाची गाडी उभी असती. आन् डावा हात तू पदराबाहेर काढलाच न्हाईस. सासू म्हणली, दारात सापडला. जन्मभर बायांची मनगटं धरलेली बाई ती. दारात सापडलेला हात तिला कळत न्हाई व्हय?

तोडलेल्या झाडाला फुलली म्हणणारी पोरगी बरी हाय म्हणती, त्यातलं मी किती धरू? तवापासनं गाईची धार काढताना मधीच हात थांबतो. तुझे आप्पा म्हणले, लेकीच्या संसारात लुडबुड करू नको. मी म्हणलं, संसार ऱ्हायलाय का, ते तरी बघू द्या. आन् काल गोठ्याशेजारची खोली त्यांनीच झाडली, बल्ब लावला.

हा कागद हुसेनबी बांगड्यांच्या खोक्यात तळाला घालून आणील. वाचून फाड आन् संडासात टाक. लिहीत बसू नको. ती सोमवारी परत येईल, तवा हात तिच्या हातात दे आन् हळूच एकच सांग, आईला ये म्हण. लोकांचं मी बघते. कोरांटीचं मूळ निघालं तर घे, न्हाई तर ऱ्हाऊ दे, इथं हाय. पण सोमवारी मला उत्तर पायजे. हुसेनबी निरोपाबिगर मोकळी आली तर तेच उत्तर धरीन, आन् मंगळवारी पहिल्या एसटीनं तुझ्या दारात उभी ऱ्हाईन. तवा मला स्पीकरवर टाकून दाखव म्हणावं सासूला.

तुझीच,
आई