बारीक बायकोचा नवरा

मांपोंग, रविवार

प्रिय ओपोकू,

फोनवर तू 'जेवलीस का' विचारतोस, मी 'हो' म्हणते आणि आपण दोघंही सुटतो. म्हणून आज लिहायला बसले. खाणावळ बरी चालली आहे. मीच वैतागले आहे.

वजन उतरवलं तेव्हा एवढा त्रास झाला नव्हता रे. दवाखान्यातल्या सिस्टर दोरकासने सांगितलं होतं, साखर अशीच राहिली तर आईचा गेला तसा तुझाही पाय जाईल. भीती ताजी होती, अंग हलकं होताना दिसत होतं, हुरूप यायचा. आता उतरवायचं काही नाही, फक्त पुन्हा चढू द्यायचं नाही, आणि हे काम कधी संपतच नाही. दिवसभर माझ्यासमोर उकडलेल्या कंदांचा फुफू कुटला जातो. पाम तेलाच्या सुपात मीठ बरोबर आहे का ते मलाच बघावं लागतं, आणि एक चमचा चाखून पातेल्यापासून लांब व्हायचं. वर लोकांचं ऐकून घ्यायचं. तो लॉरीवाला ओसेई सगळ्यांदेखत म्हणाला, "मालकीणबाई, तुमचं सूप तुमच्याच अंगी लागत नाही, मग आम्ही ते कशाच्या भरवशावर खायचं?" आणि गेला समोरच्या खाणावळीत, गुबगुबीत आफियाकडे. त्याच्यामागून बाकीचे गेले.

चर्चच्या बायका अंडी, दुधाचे डबे आणि माल्टच्या बाटल्या घेऊन आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून रडल्या. कुठला आजार ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. चहा मात्र मीच करून पाजला.

तोवर ठीक होतं, कारण तुला खरं माहीत होतं. दवाखान्यात तू बरोबर आला होतास, सुट्टीवर आलास की पहाटे माझ्याबरोबर चालायचास. मग ईस्टरला न्सिआ मामांनी तुला बैठकीला बोलावलं. मी त्यांच्या घराण्याची मुलगी, तेव्हा माझ्या अंगाचा जाब ते तुलाच विचारणार, यात नवल नव्हतं. सगळी वडीलधारी मंडळी बसली होती. मामा म्हणाले, "ओपोकू, आम्ही तुला भरल्या अंगाची पोरगी दिली होती. तिचं काय केलंस?" मी तोंड उघडलं तर मला म्हणाले, "तू गप्प बस गं, तुला कुणी विचारलं नाही." मी तुझ्याकडे बघितलं. तू उठलास, माफीची म्हणून श्नॅप्स दारूची बाटली त्यांच्यापुढे ठेवलीस आणि म्हणालास, "चुकलं माझं, मामा. यापुढे तिला पोटभर खाऊ घालीन."

सगळे खूश झाले. घरी येताना तू हसत होतास. म्हाताऱ्यांशी कोण वाद घालत बसणार, एका बाटलीत मिटलं ना, म्हणालास. सोमवारी तू ताकोराडीच्या बंदरात कामावर गेलास. तुझं मिटलं होतं. खायचं मात्र माझ्या वाट्याला आलं.

त्या दिवसापासून मामी रोज संध्याकाळी भांडं भरून फुफू आणि भुईमुगाचं सूप घेऊन येते आणि ते रिकामं होईपर्यंत समोरून हलत नाही. मी काय करणार होते? घराण्यापुढे तू शब्द दिला होतास. मी नाही खाल्लं तर तू खोटारडा ठरणार. म्हणून खाल्लं. आधी तुझ्यासाठी खाल्लं, मग खोटं कशाला सांगू, आवडीने खाल्लं, हाडं चोखून खाल्लं. माझे गाल वर आले आणि बाजाराला उधाण आलं. "आता कसं! नवऱ्याने मनावर घेतलं बरं का," असं जो तो म्हणू लागला. ओसेई परत आला. मामांनी एका मयताच्या कार्यात भर मांडवात तुझं कौतुक केलं. मलाही बरं वाटलं, आणि घरी येऊन लुगडं सोडताना स्वतःचाच राग राग आला.

फोनवर जे सांगत नाही ते आता सांगते. परवा दवाखान्यात गेले होते. साखर पहिल्यापेक्षाही वर गेली आहे. दोरकास रागावली नाही, फक्त म्हणाली, तळपाय बघू. मला डोळे मिटायला सांगितलं, टाचणी टोचली की बोल म्हणाली. मी वाट बघत राहिले. शेवटी मीच विचारलं, सिस्टर, टोचणार कधी? ती म्हणाली, "तीनदा टोचून झालं."

म्हणून हे पत्र. उद्यापासून मामीचं भांडं भरलेलंच परत जाणार. माझे गाल पुन्हा बसतील, गिऱ्हाईक पुन्हा आफियाकडे जाईल, आणि मामा तुला पुन्हा बैठकीला बोलावतील. या वेळी माफी मागू नकोस. त्यांना खरं काय ते सांग. तुझ्याने होत नसेल तर कोपऱ्यात बसून राहा, मी बोलेन, कुणी विचारलं नाही तरी बोलेन. फक्त त्या दिवशी तू कुणाच्या बाजूला बसणार आहेस, तेवढं मला आधी कळव.

तुझीच, आणि अजून दोन्ही पायांवर उभी असलेली,
सेरवा