बत्तीस मैल

६ जानेवारी १९७४, रविवार

मालोजी भावोजी सकाळीच हजर! हे जाऊन तीन महिने होत आले. घरात आल्यावर चपला काढायच्या आत विषय एकच – गाडी.

"वहिनी, अर्जुनदादाची मॉरिस आता थकली. अठरा वर्षांची झाली. हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. भोसरीत माझ्या ओळखीचा माणूस आहे. ही घेईल, वर थोडे पैसे घातले की बरीशी सेकंडहँड देईल."

गाडी हवी तर आहेच. सासूबाईंना दर महिन्याला पुण्याला डोळे दाखवायला न्यावं लागतं. डिसेंबरात एसटीने नेलं, तर चढताना त्यांचा गुडघा फुटला. एक चालवणारा ठेवावा म्हणते. पण हीच गाडी नीट करून, की दुसरी घेऊन? काही सुचत नाही.

गिऱ्हाइकाला सांगायला मीटरचा आकडा हवा, म्हणून भावोजी गेल्यावर शेडमध्ये गेले. ४१,३०६. तोही एकदा पुरा फिरून शून्यावरून पुढे आलेला. म्हणजे एक लाख एकेचाळीस हजार मैल! हा माणूस चिंचवडाहून पिंपरीला कामावर जायचा. इतके मैल झाले कुठे?

हॉस्पिटलात यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. आईला सांभाळ. आणि गाडी मोडू नकोस. दुसरी सांगताना माझं मनगट असं धरलं की वळ उठले.

११ जानेवारी, शुक्रवार

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "काल अर्जुन किती घाईत गेला गं! दारातूनच 'येतो गं आई' म्हणाला."

त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, आता मनही भरकटायला लागलं. त्यांच्या पानात भात वाढला.

१३ जानेवारी, रविवार

स्टेशनाजवळच्या गॅरेजातले मारुतराव गाडी बघून गेले. यांच्या वेळेपासूनचे मेकॅनिक. आत बसून त्यांनी सीट पुढे ओढली, किल्ली फिरवली – गाडी लगेच सुरू!

ते माझ्याकडे बघत राहिले. "किती दिवस उभी आहे म्हणालात?"

"तीन महिने. दसऱ्यापासून कोणी हात लावलेला नाही."

"उभी गाडी अशी नसते हो बाई. बॅटरी उतरते, टायर बसतात." मग बराच वेळ नुसते चाकांपाशी वाकून बघत होते.

त्यांचं म्हणणं – इंजिन आतून झिजलंय, बोअर गेलाय, रिंगा संपल्यात, म्हणून निळा धूर येतो. इंजिन उतरवून सगळं खोलावं लागेल. पिस्टन इथे मिळणार नाहीत, मुंबईत शोधावे लागतील. "पण मन लावून केली तर आणखी दहा वर्षं बघायला नको. नाहीतर आजच द्या कुणाला तरी. अशी अर्धवट नका ठेवू."

ते गेल्यावर मीटर बघितला. ४१,३३८.

मागच्या रविवारी लिहिलेला आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मीच चुकले असेन.

२० जानेवारी, रविवार

४१,३७०.

पुन्हा बत्तीस! मुलांना वजाबाकी शिकवणारी बाई मी. एकदा चुकेन, दोनदा नाही. किल्ली माझ्या कपाटात, पातळांच्या घडीखाली. शेडला नुसती कडी आहे, पण किल्लीवाचून गाडी कशी जाईल?

कोणाला सांगू? भावोजी हसतील. शाळेत सांगितलं तर म्हणतील बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

२४ जानेवारी, गुरुवार

शाळेत जाताना मागच्या चाकावर खडूने रेघ मारली आणि तीच खाली फरशीवर ओढली. दोन्ही रेघा एकात एक.

पाचला परत आले. फरशीवरची रेघ जागच्या जागी. चाकावरची वर – पार वर, मडगार्डाला टेकलेली! बॉनेटवर हात ठेवला.

कोमट होतं.

२५ जानेवारी, शुक्रवार

शेजारच्या चिमाबाईंना सहज विचारल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, "गेली की काल गाडी, दर गुरुवारी जाते तशी. मला वाटलं भाऊ निघाले कामा–" आणि जीभ चावली. एकदम रडायलाच लागल्या. म्हणे हे गेलेत ते त्या क्षणी लक्षातच आलं नाही, गाडी इतकी रोजच्यासारखी गेली!

आत कोण होतं? "काचेवर ऊन होतं हो. हात दिसला नुसता."

गुरुवार. यांच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारची. हे मात्र दर गुरुवारी गाडी काढायचे – ओव्हरटाइम आहे म्हणून. सात वर्षं मी डबा भरून दिला. सुट्टीच्या दिवशी दर वेळी कसला ओव्हरटाइम, हे कधी विचारलं नाही मी. कधीच कसं नाही विचारलं?

२७ जानेवारी, रविवार

४१,४०२. शिवाय मारुतरावांनी पुढे ओढलेली सीट पुन्हा मागे गेली आहे. हे बसायचे तिथे, शेवटच्या खाचेत. मागच्या बाकावर पांढरे धागे. सुती, बोटभर लांबीचे. हातात घेतले आणि टाकून दिले. यांना शेवटचं गुंडाळलं तो कपडा डोळ्यांपुढे आला.

शेडला कुलूप लावावं? बाजारातून आणलंही. पण लावलं नाही. खरं लिहायचं तर – वाटलं, हे परत आले आणि कुलूप दिसलं तर! असले विचार मनात येतात आणि मी चौथीच्या वर्गाला विज्ञान शिकवते.

१० फेब्रुवारी, रविवार

भावोजी आले. मी म्हणून टाकलं, "घेऊन जा गाडी. दुसरी काय ती द्या." त्यांनाच नवल वाटलं. ३ मार्चला माणूस घेऊन येणार.

सुटले!

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सुटले कसली. संध्याकाळी भीमराज आला होता. यांच्या खात्यातला फिटर, पिंपरीला राहतो. यांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात जागलेला हाच. सासूबाईंसाठी संत्री आणली. गाडी विकतेय म्हटल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला.

"नका विकू वहिनी. साहेबांनी दुरुस्त करायची ठरवली होती."

"का पण?"

"चांगली गाडी आहे," एवढंच म्हणाला. चहा अर्धा टाकून गेला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आजही बत्तीस.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आजही. सासूबाईंनी सांगितलं, "अर्जुन आज थकलेला वाटला आवाजावरून."

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आज रजा टाकली. डबा घेऊन रोजच्यासारखी निघाले आणि कोपऱ्यावरून मागच्या बोळाने परत आले. शेडच्या फटीशी उभी राहिले. वेळ जाता जात नव्हता.

साडेअकराला कडी निघाली. आवाज न करता. आत येणाऱ्याने चपला बाहेर काढल्या – देवळात शिरावं तशा! आणि गाडीला हात लावून नमस्कार केला.

भीमराज.

मी पुढे झाले तर तो किंचाळलाच. मग दोघंही तिथेच खाली बसलो. त्याच्याकडे यांची दुसरी किल्ली. दसऱ्याच्या आधी, हॉस्पिटलातच दिलेली.

"वहिनींना कळता कामा नये, अशी शपथ घातली साहेबांनी. मी मोडली नाही. तुम्ही पकडलंत."

"कुठे जाते गाडी?"

मी दार उघडून मागे बसले. "चल. मी येणार."

तळवडं मागे टाकलं, नदी ओलांडली. गाडी धूर ओकत होती, चढावर तर वाटलं संपली. वाटभर मी एकच गोष्ट धरून बसले होते – बाई असणार. दुसरं घर असणार. सात वर्षं! ती दिसायला कशी असेल, पोरं असतील का, यांच्या नाकाची असतील का, सगळं मनात रचून झालं.

निघोज्याच्या अलीकडे एक पत्र्याचं घर. दारात बाई बसलेली. माझ्याच वयाची. सोजरबाई. पुढे हाताने फिरवायचं शिवणयंत्र आणि बाजूला पांढऱ्या कापडाच्या हातमोज्यांचा ढीग. कारखान्यात घालतात ते. तिने लुगडं सारखं केलं तेव्हा दिसलं – उजवा पाय मांडीपासून नाही. डावा नुसता काठीसारखा.

भीमराज हळू म्हणाला, "सहासष्ट साली साहेबांच्या गाडीखाली आल्या. इथेच, रस्त्यावर. साहेबांनीच उचलून ससूनला नेलं. मग हे मशीन घेऊन दिलं, भोसरीच्या वर्कशॉपचं काम मिळवून दिलं. दर गुरुवारी मोजे पोचवायचे, नवं कापड आणायचं. त्यांना सोबत घेऊन – मालक हिशेबात फसवतो म्हणून. कधी गुरुवार चुकवला नाही त्यांनी."

सोजरबाई माझ्याकडे बघत होती. खूप वेळ. मग म्हणाली, "बसा की बाई. उनातनं आलाय."

मी बसले. ती म्हणाली, "साहेब गेल्यालं भीमराजनं सांगितलं. मी दोन दिस मशीनला हात लावला न्हाई."

येताना भीमराजला एकच विचारलं. तू जाताना सासूबाईंना 'येतो गं आई' का म्हणतोस? म्हातारीला काय वाटतं ठाऊक आहे?

तो गोंधळला. "मी? मी तर गाडी बोळापर्यंत ढकलत नेतो वहिनी, आजींना कळू नये म्हणून. घराकडे फिरकत पण नाही."

३ मार्च, रविवार

भावोजी गिऱ्हाईक घेऊन आले. मी नाही म्हटलं. खूप चिडले. "एवढ्या पैशात दुसरी येईल वहिनी! या खटाऱ्यात काय आहे?"

सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझं नव्हतं ते, यांचं होतं. इतका राग आहे मला यांचा! एवढं मोठं ओझं एकट्याने वाहिलं आणि मला नुसता डबा भरायला लावला. माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता? आणि राग संपतो तिथे दुसरंच काही सुरू होतं, ते लिहिता येत नाही.

दुपारी मारुतराव गाडी ओढून घेऊन गेले. सगळं इंजिन खोला म्हटलं. काही ठेवू नका.

७ मार्च, गुरुवार

भीमराजने मोजे सायकलवरून पोचवले. शेड रिकामी आहे. तरी सासूबाई म्हणाल्या, "अर्जुन आज गेला नाही का गं कामावर?"

म्हटलं, नाही, आज सुट्टी आहे.

१७ मार्च, रविवार

मुंबईहून पिस्टन आले. मारुतराव खुशीत! "कोणीतरी न वापरता ठेवून दिलेले मिळाले. नशीबवान गाडी आहे."

२१ मार्च, गुरुवार

गाडी आली. ओळखू येत नाही! धूर नाही, खडखड नाही. मारुतराव म्हणाले इंजिन चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागतं. शाळेत अर्धी रजा घेऊन भीमराजबरोबर निघाले. आता दर गुरुवारी जमेल तसं मीच जाणार आहे, असं सोजरबाईला सांगायचं होतं.

तिला उचलून मागे माझ्याशेजारी बसवलं. मोज्यांचं गाठोडं दोघींच्या मध्ये. भोसरीला काम झालं, कापड घेतलं. सोजरबाईने मालकाला चांगलं सुनावलं. मला हसू आलं, किती महिन्यांनी!

परतताना, तिचं घर जवळ आलं तेव्हा, ती खिडकीबाहेर बोट करून म्हणाली, "हितंच."

मोकळा रस्ता. एक बाभळ. भीमराजने गाडी बाजूला घेतली आणि तो पुढे घराचं दार उघडायला गेला. आम्ही दोघीच. इंजिन चालू होतं, पण ऐकू येत नव्हतं.

"त्या दिशी बी गाडी अशीच बिनआवाजाची हुती," सोजरबाई म्हणाली. "माझ्या डोक्यावर कडब्याचा भारा. मागनं गाडी आल्याली कळलीच न्हाई."

मी म्हटलं, "यांना किती वाईट वाटलं असेल."

त्यावर ती जे बोलली ते आज लिहवत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

ती म्हणाली, "साहेब न्हवते चालवत. गाडी पुढं जाऊन थांबली. बाई उतरली, दुसऱ्या बाजूनं जाऊन बसली. मागं वळून बघितलं न्हाई तिनं."

डिसेंबर सहासष्ट. हे मला गाडी शिकवत होते. चौथा दिवस. धक्का बसला. "कुत्रं होतं. मागे बघू नकोस," म्हणाले. मला घरी सोडून लगेच बाहेर पडले. त्यानंतर गाडी शिकायचा विषय आमच्या घरात निघाला नाही. मीही काढला नाही.

मी विचारलं, मला कधी ओळखलंस?

"दारात आलात तवाच. मला वाटलं, सांगाया आलाय."