मिनिटाला बासष्ट शब्द

झोंबा, २२ एप्रिल २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, मग तुझी चौकशी. मला शिक्षण कचेरीत काम मिळालं! तिसरी-चौथीच्या मुलांचं इंग्रजी तपासायचं. आठ दिवस आम्हाला ते शिकवलं. मुलाला समोर बसवायचं, इंग्रजी उताऱ्याचा कागद द्यायचा, घड्याळ दाबायचं आणि एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं. मग उताऱ्यावर पाच प्रश्न. मुलाला मदत करायची नाही, आणि चुकलं तर चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. हे शेवटचं मला काही जमेना. साहेब म्हणाले, बाई, तुमच्या भुवया फार बोलतात. मी मनात म्हटलं, बोलणारच. ज्याची एक भुवई वर गेली की अख्खी चौथी चिडीचूप होते, त्याची बहीण आहे मी.

नातेवाइकाच्या शाळेत जायला मनाई आहे, तेव्हा घाबरू नकोस, तुझ्याकडे येत नाही.

खोकला कसा आहे? ख्रिसमसला तू मामांकडे गेला होतास, तेव्हा ताटावरून मध्येच उठून बाहेर गेलास आणि बराच वेळ आलाच नाहीस, असं मामांनी कळवलंय. वहिनी गेल्यापासून तुला रागवणारं माणूस घरात नाही, म्हणून मी इथून रागवते. इथल्या मोठ्या दवाखान्यात ये आणि छाती दाखव.

धाकटीवर माया असू दे, आणि तिचं एकदा तरी ऐक.
तुझी
एलुबी

---

चिसालंगो, ६ मे २०१२

चि. एलुबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाब्बास! लहानपणी तुझ्या बोटांवर पट्ट्या मारल्या त्या फुकट गेल्या नाहीत म्हणायच्या. खोकला गेला. मामांना म्हातारपणी सगळेच आजारी दिसतात.

आता माझं ऐक. माझ्याकडे चार वर्ग आहेत, एकशे चौतीस मुलं आहेत आणि मास्तर मी एकटा. दोघे होते, ते बदली घेऊन शहराकडे गेले. मुलं घरी याओ बोलतात, शाळेत चिचेवा, आणि इंग्रजी त्यांना फक्त माझ्या तोंडून आणि फळ्यावरून भेटते. पुस्तकं अकरा. गेल्या वर्षी तुमच्याच कचेरीची माणसं येऊन मोजून गेली. मग साहेबाने झाडाखाली सभा घेऊन आकडा वाचला, मिनिटाला दोन शब्द. सगळे आईबाप समोर बसले होते. मासे वाळवणारी माणसं ती, आकडा त्यांना बरोबर कळला. मागून कुणीतरी म्हणालं, आमचा बोकडसुद्धा मिनिटाला दोनदा ओरडतो. सगळे हसले. साहेबही हसला. मग म्हणाला, पुढल्या खेपेला असंच राहिलं तर वरचे वर्ग बंद करू, मास्तरला हलवू, मुलांनी दलदलीपलीकडच्या शाळेत जावं. ती दलदल तू पाहिली आहेस. पावसाळ्यात तिच्यातून मोठी माणसं जात नाहीत.

यंदा कुणी हसणार नाही. तू मात्र इकडे फिरकू नकोस.

सुखी राहा, आशीर्वाद पाठीशी आहेतच.
तुझा
बॉनवेलदादा

---

झोंबा, २७ मे २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी तुझ्या शाळेत यायला नको होतं. आमच्यातला एक हिवतापाने पडला आणि आदल्या दिवशी त्याच्या जागी माझं नाव लागलं. सासरचं आडनाव, कुणाला कळलं नाही, मीही बोलले नाही. तुला पाहायची ओढ होती, एवढंच.

नियमाप्रमाणे तुला आवाराबाहेर बसवलं होतं. भर उन्हात तू आंब्याखाली घोंगडी पांघरून बसला होतास. साहेब शेजारी, म्हणून तू ओळख दाखवली नाहीस, मीही नाही. लांबून वाटलं, कुणी म्हातारा टेकला असावा.

निवडलेल्या दहा मुलांत पहिली आली फालेसी, आठ-नऊ वर्षांची, केसांत वाळलेल्या मासळीचा वास. तिने उतारा घडाघडा म्हटला. मी मोजत होते, बासष्ट शब्द. असं शहरातही कुणी वाचलं नव्हतं. माझ्या भुवया नको तितक्या वर गेल्या असणार. तिसऱ्या वाक्यानंतर, शेळी हरवते तिथे, ती थांबली, दोनदा खोकली आणि पुढे गेली. मला वाटलं, सर्दी असेल. दुसरा आला, तोही तिथेच थांबून दोनदा खोकला. तिसरीही. चौथ्याला माझ्या हातून चुकून दुसऱ्याच उताऱ्याचा कागद गेला, ज्यात शेळीचं नावही नाही. त्याने त्या कागदावर बोट फिरवत फिरवत शेळीचीच गोष्ट म्हटली, आणि जागेवर आल्यावर खोकला.

दादा, दहाच्या दहा मुलांनी तुझा खोकला पाठ केलाय. तो उताऱ्यातच आहे असं त्यांना वाटतं. कितीदा म्हणून दाखवलास रे, आणि प्रत्येक वेळी खोकलास? आणि मला लिहितोस, गेला म्हणून!

मी फालेसीला पुन्हा बोलावलं आणि चिचेवात विचारलं, बाळ, तू जे वाचलंस त्याचा अर्थ काय? तिने जरा विचार केला. म्हणाली, अर्थ असा की आमच्या सरांना नेणार नाहीत.

कागद शनिवारपर्यंत माझ्याकडे आहेत. खरं लिहायचं तर दहा शून्यं लिहावी लागतील. मी तुझ्याशी सौदा करते. तू दवाखान्यात ये, क्षयाची तपासणी कर, औषध घे. मी बासष्टचे बासष्ट ठेवते. माझी नोकरी गेली तर जाऊ दे.

रागव, पण उत्तर दे.
तुझी
एलुबी

---

चिसालंगो, ३० मे २०१२

चि. एलुबीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोकल्याचं मला ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, माझ्या कानांना तो ऐकूच येत नाही आता. मुलं त्या जागी थांबायची, मला वाटायचं दम घेतात.

पाठ करून घेताना मला लाज वाटली नाही, हे तुला कळलेलं बरं. एकशे चौतीस मुलांना एकट्याने वाचायला शिकवायचं तर दहा वर्षं लागतील. पाठ करायला सहा आठवडे लागले. उतारा आणि प्रश्न गेल्या वर्षीचेच येणार, हे कचेरीतल्या एकाने सांगितलं होतं, कागदही त्यानेच दिला. मुखियाने परवा मला स्वतःची खुर्ची दिली. मुलं घरी इंग्रजी म्हणून दाखवतात आणि बाप हातातलं जाळं टाकून ऐकत उभे राहतात. ते तू पाहायला हवं होतंस.

सौदा कबूल. पण दवाखान्यातले लोक दोन महिने रोज तिथे बोलावून त्यांच्यासमोर औषध घ्यायला लावतात, आणि मी तिकडे राहिलो तर इथे कुलूप लागेल. तेरा जुलैला वर्षाची मोठी सुटी लागते. चौदाला मी तुझ्या दारात. तू बासष्ट लिही.

मामांना यातलं काही कळवू नकोस.
तुझा
बॉनवेलदादा

---

झोंबा, २९ जुलै २०१२

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाच्या मातीला तुम्ही होतात, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. चार जुलैला तो वर्गातच कोसळला. सुटीला नऊ दिवस होते. तुम्ही त्या दिवशी मला विचारलंत, पोरी, तू तपासणीला गेली होतीस तर तुला दिसलं कसं नाही. सोबत त्याची पत्रं आणि त्याच्या पेटीत मिळालेली माझी पत्रं पाठवते. वाचा, म्हणजे मला काय दिसलं होतं ते कळेल.

पत्रांत नाही ते आता सांगते. मी बासष्ट लिहिलं. जूनच्या मध्यावर निकाल लागला आणि त्यासोबत कचेरीचा नवा हुकूम निघाला. वर्ग बंद करायचं रद्द झालं होतं. ज्या शाळांत मुलांना मुळीच वाचता येत नाही, त्या प्रत्येक शाळेला दोन-दोन मास्तर मिळाले. दलदलीपलीकडच्या शाळेलाही मिळाले. चिसालंगोचं नाव चांगल्या शाळांच्या यादीत सगळ्यात वर होतं, त्यामुळे तिथे कुणाला पाठवायची गरज नव्हती. मी शून्य लिहिलं असतं तर जूनमध्येच दोन माणसं येऊन उभी राहिली असती आणि दादा दवाखान्यात गेला असता. तो वाचला असता की नाही, ते देव जाणे. पण गेला असता.

परवा मी साहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी दार लावलं, मला पाणी दिलं. म्हणाले, अहवाल छापून झालाय, एक शाळा हलवली तर जिल्ह्याचा आकडा हलेल, बाई, तुम्ही दुःखात आहात, घरी जा. नवा मास्तर कधी, विचारलं तर म्हणाले, चांगली शाळा आहे, ती थोडी थांबू शकते.

मामा, दादा गेल्या दिवसापासून शाळेला कुलूप आहे. फालेसी किनाऱ्यावर आईबरोबर मासे पसरते. काल मी गावात गेले, तर मला पाहून तिने काम टाकलं, हात पुसले, ताठ उभी राहिली आणि उतारा म्हणायला लागली. मी तिला थांबवू शकले नाही. ऐकून घेतलं. संपल्यावर तिने विचारलं, बरोबर ना? मग सरांना का नेलं?

मी तपासणीचं काम सोडलंय. नेमणुकीचा कागद नाही, पण सुटी संपली की चिसालंगोला राहायला जाते. किल्ली मुखियाकडे आहे, ते देतील. तुम्ही रागवा, पण जाऊ नको म्हणू नका. मला काळजी दुसरीच आहे. मुलांना वाटतं, आपल्याला इंग्रजी वाचता येतं. आईबापांना वाटतं. ते त्या गावाकडे उरलेलं एकमेव सुख आहे. पहिल्या अक्षरापासून सुरू करायचं तर आधी मला त्यांना सांगावं लागेल की तुम्हाला काहीच येत नाही, आणि तुमच्या सरांना ते ठाऊक होतं.

हे मी त्यांना कोणत्या भाषेत सांगू, मामा?

जमलं तर पोटात घाला.
तुमची
एलुबी