रीताच्या हातचं ताट

१ सप्टेंबर २०२४, रविवार

घेतलं नाही! ना भाकर, ना पेला. चर्चमध्ये प्रभुभोजनाची ती भाकर नि पेला वाढायला आज पहिल्यांदाच बाई उभी होती, आणि ती बाई म्हणजे आमचीच सून, रीता. मागच्या महिन्यात चर्चच्या मंडळीनं तिला पंच निवडलं, आणि प्रभुभोजन पंचच वाढतात. पाळक म्हणाले, काळ बदलला. बदलू दे. माझ्या बापानं, आजोबानं पुरुषाच्याच हातून घेतलं. माझा हात उठला नाही, बस.

रीता जरा थांबली. मग ताट शेजारच्या तुलारामपुढे नेलं.

घरी बायकोनं, आनंदाबाईनं, वरण आपटून वाढलं.

४ सप्टेंबर

किराणा दुकानात सुलोचनाबाई भेटली. हळूच विचारते, "ताराचंदभाऊ, रीतानं काय केलं जी?"

"काय केलं म्हणजे?"

"तुमी तिच्या हातचं नाई घेतलं. सगळ्यायनं पाह्यलं. तुमचा पोरगा भुपेंद्र तिकडं नागपूरले, अन् थे रोज भंडाऱ्याच्या शाळेत जाऊन रायली..."

मग उमगलं. आमच्या मंडळीचा जुना नेम — मनात कुणाबद्दल अढी असेल तर प्रभुभोजन घ्यायचं नाही. आदल्या शनिवारी त्याच्या दारात जायचं, मन मोकळं करायचं, मगच महिन्याच्या पहिल्या रविवारी हात पुढे करायचा. मला वावडं बाईनं वाढण्याचं, आणि लोकांना वाटलं सासऱ्याला सुनेचं काहीतरी कळलंय!

"तसं काही नाही" एवढं म्हणायला काय झालं होतं? पण तेवढंही म्हणालो नाही. खरं कारण सांगितलं असतं तर गावभर हसले असते — ताराचंदभाऊ अजून आजोबाच्या काळात! साखर घेतली आणि निघालो. स्वतःची लाज राखली, सुनेची घालवली.

१५ सप्टेंबर, रविवार

रीताच्या संडे स्कूलला फक्त मोनू आणि गुड्डी. बाकीच्यांच्या आयांनी पाठवलंच नाही. रीतानं दोघांनाच गोष्ट सांगितली, गाणंही म्हणवून घेतलं. मी बाहेर उगाच चपला शोधत राहिलो.

२२ सप्टेंबर

आजही लोकांना खरं कारण सांगितलं नाही. भित्रा!

२८ सप्टेंबर

चहा ठेवता ठेवता रीता म्हणाली, "बाबा, माह्यं काई चुकलं का?"

मी विचारलं, पेपर कुठं आहे. परमेश्वरा, पेपर!

५ ऑक्टोबर, शनिवार

आनंदाबाई म्हणाली, "उद्या प्रभुभोजन हाय. आज कोणाच्या दारात जा लागते, मी सांगू का तुमाले?"

दार कसलं — मधली खोली ओलांडायची फक्त. रीता मुलांच्या वह्या तपासत बसली होती. तिथवर गेलोही. तिनं वर पाहिलं. तोंडातून निघालं काय, तर "सकारी लवकर निघा लागते." आणि परत!

सासऱ्यानं सुनेची माफी मागायची? माझ्यानं होत नाही. उद्या सगळ्यांच्या देखत तिच्या हातून घेईन. लोकांची तोंडं बंद होतील. तेवढं पुरे.

६ ऑक्टोबर, रविवार

घेतलं. भाकर, पेला, दोन्ही. सुलोचनाबाई मान उंचावून पाहत होती. सुटलो, असं वाटलं.

वाढणारा सगळ्यांत शेवटी घेतो. पाळकांनी ताट रीतापुढे धरलं. तिनं हात जोडले, मान हलवली. घेतलं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा अढीचा तो नेम तिला मीच समजावला होता. तिनं पाळला.