सही माझी

प्रिय दादा,

गाडीचं काय ठरलं, असं तू आईला विचारत होतास म्हणे. सांगते. तू पसंत केलेली लाल गाडी शोरूममध्ये तशीच उभी आहे. मागची सीट पाडून पेशंटला झोपवायचं माझं घडीचं टेबल आत बसतं का, हे बघायला मी ते सोबत नेलं होतं. सेल्समन हसला, तेव्हा तू त्याला ऐटीत सुनावलंस, "माझी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन पेशंटना उभं करते." टेबल अगदी मापात बसलं. मला तिथेच नाचावंसं वाटलं. ते धूड घेऊन बसमध्ये चढताना लोक जे डोळे वटारतात, ते सगळे मी तेवढ्यापुरते माफ केले.

बँकेतल्या बाईंनी मात्र नकारार्थी मान हलवली. कमाई ठीक आहे, पण तुमच्या नावावर आजवर एक कर्ज नाही, एक कार्ड नाही. तुम्ही वेळेवर फेडता हे आम्हाला कळणार कसं, म्हणाल्या. मला हसूच आलं. आपल्या घरचा फ्रिज, वॉशिंग मशीन, बाबांचं ऑपरेशन, सगळ्यांचे हप्ते मीच तर भरले! पैसे तुझ्या खात्यात टाकायचे आणि हप्ता तुझ्या नावानं जायचा, ही आपल्या घरची रीत. विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, "तुझी सही कशाला? मी आहे ना!" आई शेजारीपाजारी सांगत राहिली, लेकानं घर सावरलं. मी कधी तोंड उघडलं नाही. घरातल्या घरात कसलं माझं-तुझं, असं वाटायचं.

म्हणून बाईंनी जामीनदार मागितला, तेव्हा तुझं नाव देताना जरासुद्धा संकोच वाटला नाही. तूही लगेच हो म्हणालास, वर "पहिली चक्कर माझी" असं बजावलंस. मग अर्ज नामंजूर झाला. मी तुमच्याकडे येऊन रडले. वहिनीनं कॉफी केली, आणि तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस, "जाऊ दे गं ठेंगू, बँकवाले असेच असतात."

परवा पुन्हा बँकेत गेले, सुरुवातीलाच जास्त रक्कम भरली तर चालेल का विचारायला. बाई अवघडल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुमच्या भावानंच फोन करून नकार कळवला. म्हणाले, तिनं कधी एक हप्ता भरलेला नाही, तिचा भरवसा मी कसा देऊ?"

दादा, नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचंस. तुला मोठं घर घ्यायचंय, जामीन राहिलास तर तुझं कर्ज अडेल, हे वहिनीकडून कळलं मला. मी समजून घेतलं असतं. पण माझ्याच पैशांवर तू भरवशाचा माणूस झालास आणि मलाच बिनभरवशाची ठरवलंस, हे काही केल्या घशाखाली उतरत नाही. फार लागलंय मला.

जामीनदाराशिवायही कर्ज मिळतंय, पण व्याज असं की गाडी पेशंटसाठी कमी आणि बँकेसाठीच जास्त पळेल. म्हणून सध्या गाडी नको. त्याऐवजी दुखऱ्या स्नायूंना शेक देणारं एक यंत्र छोट्या कर्जावर घेतलंय. सही फक्त माझी. हप्ते वेळेवर गेले तर पुढच्या वर्षी गाडीचं बघू, असं बाई म्हणाल्या. तोवर नदीपलीकडच्या एका मास्तरांना नाही म्हणावं लागलं. त्यांची एक बाजू लुळी पडलीय, आणि तिकडे बस जात नाही. त्यांच्या बायकोला ते सांगताना जीव नकोसा झाला.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझा फोन लागत नसेल तुला. तो नंबरही तुझ्याच नावावर होता, त्याचं सिमकार्ड या पाकिटात आहे. नवा नंबर मी माझ्या नावावर घेतलाय आणि तो आईकडे ठेवलाय. तिला म्हटलंय, "दादाला तुला काहीतरी सांगायचंय, ते सांगून झालं की त्याला नंबर दे." काय सांगायचंय ते मी तिला सांगितलेलं नाही. घर खरं कुणी सावरलं, ते तुला माहीत आहे.

अजून तरी तुझीच,
ठेंगू