एकतीस भांडी, नावानिशी

मु. पो. देवळाली प्रवरा,
ऊस सुरू झाल्याचा चौथा दिवस

तीर्थस्वरूप छगनदाजी यांना गोरक्षनाथचा दंडवत.

आधी तब्येतीचं विचारतो, नाहीतर मालनआक्का म्हणेल, काम निघालं की भावाला बहिणीची आठवण होते. (काम आहेच, पण ते शेवटी.) आक्काचा गुडघा कसा आहे? तुमचं कानाचं यंत्र कानात असतं की अजून सदऱ्याच्या खिशात? फोनवर तुम्हाला एक सांगावं तर तुम्ही दुसरं ऐकता आणि बाजूला बसून आक्का तिसरंच ऐकते, म्हणून हे पत्र. इकडे मी ठीक. मनकर्णाही ठीक असावी, पण चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. तिने भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नवरात्राच्या सुमारास सीनेला पूर आला आणि तुमच्या जामखेडकडची काठावरची गावं पाण्यात गेली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे लगेच मदत गोळा करायची लाट आली. आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष पंकज (वय चाळीस, तरी मंडळ तरुणच) याने चौकात फलक लावला. त्यावर त्याचं तोंड एवढं मोठं की पुराला कोपऱ्यात जेमतेम जागा मिळाली. लोकांनी काय काय दिलं म्हणता? जरीचे परकर, झाकण नसलेला मिक्सर, एकाने तर लग्नातला कोट दिला. आता दाजी, मी तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. गाडी काट्यावर आली की आधी चाकाजवळ कोण पाय टेकून उभं आहे ते बघायचं आणि मग आकडा लिहायचा, ही माझी सवय. अशा माणसाने आपलं सामान पंकजच्या टेम्पोत टाकून हात झटकून घरी यावं, हे होणं नाही.

मनकर्णा म्हणाली, कपडे सगळेच देतात, चूल पेटली तर शिजवायचं कशात? आपण नवी भांडी देऊ. पातेली, तांबे, ताटं, डबे, सगळं तिने निवडून घेतलं. मी एकच अट घातली, प्रत्येक भांड्यावर नाव. म्हणजे वाटेत कुणाच्या घरी वळली तर उद्या त्याच्या पंगतीत ओळखता येतील. भांडीवाल्याने नाव कोरायचं यंत्र काढलं आणि विचारलं, मुलीचं लग्न का? मी म्हटलं, नाही, दान आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मी नाव, गाव आणि मोबाईल नंबर सांगितला. ‘पूरग्रस्तांना सप्रेम भेट’ असंही घालायचं होतं, पण वाट्यांवर तेवढी जागा नव्हती, म्हणून नंबर ठेवला आणि भेट काढली. एकतीस नगांची यादी केली. पंकजने पोत्याचं तोंडसुद्धा न उघडता तिच्यावर सही ठोकली. मग मी स्वतः टेम्पोत पिठाच्या गोण्यांवर बसून गेलो (उतरलो तेव्हा पंकज म्हणाला, काका, तुम्हालाच आधी पूरग्रस्त म्हणून उतरवून घेतील).

सीनेकाठच्या एका गावात उतरलो, तिथे शाळेत सगळ्या गावाचा स्वयंपाक चालू होता आणि तो गीताबाई नावाच्या एका पोक्त बाई सांभाळत होत्या. त्यांना मी पोतं आणि यादी दिली. त्यांनी एक पातेलं उचलून त्यावरचं नाव बोट फिरवून वाचलं, दुसरं वाचलं, आणि मान डोलावून म्हणाल्या, “काळजी करू नका भाऊ, एक बी भांडं हिकडचं तिकडं व्हनार न्हाई.” मला इतका आनंद झाला की त्या असं का म्हणाल्या हे विचारायचं सुचलं नाही. माझ्याच जातकुळीची बाई भेटली असं वाटलं.

दिवाळीच्या आधी फोन सुरू झाले. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. “आवो, तुमची भांडी घासून ठिवलीत. कवा न्यायला येता?” दाजी, तुम्हीच सांगा, दान दिलेली भांडी कुणी परत देतं का? मी लगेच ताडलं की हा फसवणुकीचा नवा प्रकार आहे. आज म्हणतील भांडी न्या, उद्या म्हणतील मोबाईलवर आकडा आलाय तो सांगा, की गेली आपली पेन्शन. मी फोन ठेवला आणि नंबर बंद करून टाकला. दुसऱ्या नंबरवरून आला, तोही बंद केला. तिसऱ्या वेळी तर मी पोलिसांत आहे असं सांगितलं. मनकर्णा म्हणाली, आवाज ओळखीचा वाटतो का बघा जरा. मी म्हटलं, हे लोक आवाजसुद्धा काढतात.

चार दिवसांपूर्वी तिकडच्या ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक कारखान्यावर आला. त्यातली चांगुणा नावाची बाई भांड्यावरचा पत्ता विचारत विचारत डोक्यावर पोतं घेऊन दारात उभी राहिली. तीच भांडी होती, लख्ख घासलेली. त्यांच्याकडे लग्नकार्याला भांडी गोळा करतात, ती नाव बघून ज्याची त्याला परत जातात. नाव घातलेलं भांडं म्हणजे उसनं भांडं. आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? पण ते मला त्या यंत्रापुढे उभं असताना सुचलं नाही. आणि भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून प्रत्येकात काहीतरी होतं. पातेल्यात ज्वारी, तांब्यात मूठभर तूर, आणि एका डब्यात बिस्किटाचा पुडा, त्यावर दुसऱ्याच कुठल्या मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो. त्यांना मिळालेली मदत त्यांनी मला पाठवली होती.

मी त्या बाईला पाणी विचारायच्या आधी भांडी मोजली. मनकर्णा बोलत नाही ती यामुळे. एकोणतीस भरली. चांगुणा खाली बघून म्हणाली, “दोन ताटं घावंना भाऊ. गीताबाईनं घरोघर इचारलं. ताटं घासायला सविता हुती, तिच्यावर आळ आलाय. ती आता कुनात मिसळत न्हाई.” मग मनकर्णेने विचारलं, गीताबाईंच्या घरी आता स्वयंपाक कशात होतो? ती म्हणाली, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. दुसऱ्याच्या नावाची भांडी घरात कशी वापरायची, असं त्या म्हणतात म्हणे.

तर दाजी, काम हे. पोतं एस.टी.ने तुमच्याकडे पाठवतो आहे. ट्रक आता उन्हाळ्याशिवाय माघारी जायचा नाही. तुम्ही त्या गावी (गावाचं नाव पोत्यावर लिहिलं आहे) जाऊन कुणाला काय लागतं आणि कुणाचं नाव काय ते लिहून आणा. मग जामखेडच्या भांडीवाल्याकडून माझं नाव खोडून घ्या आणि त्यांची नावं घाला. गीताबाईंच्या पातेल्यावर ‘गीताबाई’ असलं की त्यांना ते परत करता येणार नाही. मोबाईल नंबर मात्र नीट खोडायला सांगा.

आक्काला नमस्कार. थंडी पडू लागली आहे, कान झाका (यंत्र घालून मग झाका).

आपला नम्र मेहुणा,
गोरक्षनाथ

ता. क. भांडी रिकामी पाठवायची नाहीत म्हणून मनकर्णा त्यांत गूळ, शेंगदाणे आणि डाळ भरते आहे. तिकडून पुन्हा भरून येऊ नयेत याची काळजी घ्या. एस.टी.च्या पार्सलवाल्यासमोर पोतं उघडू नका.

ता. क. हे पुढचं आक्काला वाचून दाखवू नका. ती दोन ताटं सापडणार नाहीत. यादीत एकतीस लिहून मी पोत्यात एकोणतीसच भरली होती, पंकज मोजून घेतो की नाही ते बघायला. ताटं माझ्या पलंगाखाली आहेत. चांगुणा दारात उभी असताना मला हे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, उलट ‘असू द्या, दोन ताटांचं काय एवढं’ असं मोठ्या मनाने म्हणालो, आणि तिने हात जोडले. मला लाज वाटते. गीताबाईंकडे नंतर गेलात तरी चालेल. आधी सविताबाईंच्या घरी जा, आणि चार माणसांना बोलावून त्यांच्यासमोर माझं नाव, गाव सगळं सांगा.